उडती प्रतिकृती : कशाच्या आधारे, कशासाठी?

(डोंबिवलीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



१६ एप्रिल ही तारीख ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी सुटली आणि ठाण्याला आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडलेली होती. बरोबर साठ वर्षांनी, १६ एप्रिल १९१३ ला, मोनाकोच्या समुद्रावर एक शर्यत झाली. पाण्यावरून उठणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांची. श्नायडर करंडक म्हणून ती पुढे जगभर गाजली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तारखेचा योगायोग आहे इतकंच. पण दोन्हींबद्दल वाचताना आपल्या मनात एकच इच्छा येते : ते यंत्र पुन्हा चालताना बघायला मिळालं तर काय मजा येईल!

साहिब, सिंध, सुलतान आज आपल्याला बघायला मिळत नाहीत. श्नायडर शर्यतीतली काही विमानं संग्रहालयांत उभी आहेत, पण उडत एकही नाही. मग कोणीतरी म्हणतं, नवीन बांधू या. हुबेहूब. आणि नुसतं उभं करायचं नाही, उडवून दाखवायचं.

आज मला या ‘हुबेहूब’ शब्दाची झाडाझडती घ्यायची आहे. आपण नाटकाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो, भाषांतराचीसुद्धा करतो. मूळ काय होतं, काय सुटलं, काय पदरचं घातलं, हे विचारतो. प्रतिकृतीला मात्र कोणी काही विचारत नाही. उडाली की टाळ्या, पडली की हळहळ. मला वाटतं, प्रतिकृती हेसुद्धा एक भाषांतरच आहे आणि तिलाही तेच प्रश्न विचारायला हवेत. मी तीन विचारणार आहे. कशाच्या आधारे बांधली? बांधताना काय बदललं, आणि ते उघडपणे सांगितलं का? आणि बांधून असं काय कळलं, जे आधी माहीत नव्हतं?

शर्यत आणि यंत्रं

आधी मूळ संहिता समजून घेऊ. जॅक श्नायडर हा फ्रेंच उद्योगपती घराण्यातला माणूस, स्वतः बलूनमधून उडणारा. डिसेंबर १९१२ मध्ये त्याने करंडक जाहीर केला. त्याचा हिशेब सरळ होता. पृथ्वीवर बहुतेक पाणीच आहे, बंदरं तयार आहेत, तेव्हा उद्याचा विमानप्रवास पाण्यावरून होईल. त्यासाठी भरवशाची, समुद्रात टिकणारी विमानं तयार व्हावीत. झालं भलतंच. पहिल्या शर्यतीत जिंकणाऱ्या फ्रेंच विमानाचा अधिकृत सरासरी वेग ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास होता. १९२५ मध्ये अमेरिकेचा जिमी डूलिटल कर्टिस विमानातून ताशी ३७४ किलोमीटरने जिंकला. १९२७ ला व्हेनिसमध्ये ब्रिटनचं सुपरमरीन एस.५ ताशी ४५३ ने, आणि १९३१ ला एस.६बी ताशी ५४७ ने. अठरा वर्षांत सातपटीहून जास्त! प्रवासी विमान घडवायला निघालेल्या करंडकातून एका माणसाला काही मिनिटं जिवावर उदार करणारी यंत्रं तयार झाली.

पाच वर्षांत तीनदा जिंकेल त्याला करंडक कायमचा, असा नियम होता. १९२४ मध्ये स्पर्धेला फक्त अमेरिका तयार होती. एकट्याने फेरी मारून विजय पदरात पाडून घेता आला असता, पण त्यांनी शर्यतच रद्द केली. १९३१ मध्ये फ्रान्स आणि इटली वेळेत तयार झाले नाहीत, तेव्हा ब्रिटनने एकट्याने फेरी मारली आणि करंडक कायमचा घरी नेला. सरकारने पैसे द्यायला नकार दिला होता. ते एक लाख पौंड लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी दिले होते. तेव्हा या यंत्रांभोवती पहिल्यापासूनच देशाभिमान, पैसा आणि प्रतिष्ठा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक प्रश्न साहजिक येतो. खाली दोन होड्यांसारखे फ्लोट लटकवलेलं विमान जमिनीवरच्या विमानापेक्षा वेगवान कसं? त्याचं उत्तर प्रोपेलरमध्ये आहे. त्या काळी प्रोपेलरच्या पात्यांचा कोन उडताना बदलता येत नसे. सर्वोच्च वेगाला योग्य असा कोन ठेवला, तर सुरुवातीला विमान जागचं हलायला तयार नाही. बजाज चेतक चौथ्या गिअरमध्ये टाकून सिग्नलवरून सुटायचा प्रयत्न करा, म्हणजे कळेल. वेग घ्यायला खूप लांब धावपट्टी हवी, आणि तेवढी धावपट्टी तेव्हा जमिनीवर नव्हती. समुद्रावर होती. उतरतानाही तसंच. पंख छोटे, उतरण्याचा वेग जास्त, थांबायला मैलोन्‌मैल लागले तरी पाणी कोणाच्या बापाचं नाही.

एस.६बी चं रोल्स-रॉइस ‘आर’ इंजिन ३६.७ लिटरचं. आपल्या मारुती ८०० ची सेहेचाळीस इंजिनं एकत्र केली तर तेवढं होईल. त्यातून २,३०० हून जास्त अश्वशक्ती काढायची. तिला पाजायचं इंधनही खास मिश्रण : बेन्झॉल, मिथेनॉल, असिटोन आणि शिशाचं संयुग. इंजिन थंड ठेवायला नेहमीचा रेडिएटर लावला तर तो हवेला अडतो, म्हणून पंखांची कातडी हाच रेडिएटर. गरम पाणी पंखांच्या पृष्ठभागाखालून फिरतं आणि थंड होऊन परत येतं. इंधन कुठे ठेवायचं? फ्लोटमध्ये. आणि उजव्या फ्लोटमध्ये जास्त. कारण एवढं ताकदवान इंजिन प्रोपेलर एका बाजूला फिरवतं, तेव्हा अख्खं विमान उलट्या बाजूला कलंडू बघतं आणि डावा फ्लोट पाण्यात दाबला जातो. वजनाने तो तोल सावरायचा.

इटालियनांनी यावर वेगळा तोडगा काढला. माकी एम.सी.७२ मध्ये दोन इंजिनं एकामागे एक जोडून चोवीस सिलिंडरचा जोडघोडा केला आणि एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर लावले, म्हणजे कलंडणंच नाही. हे विमान १९३१ च्या शर्यतीला पोचलं नाही. त्यासाठी तयारी करताना दोन वैमानिक गेले. पण २३ ऑक्टोबर १९३४ ला फ्रान्चेस्को आजेल्लोने गार्डा सरोवरावर त्यातून ताशी ७०९ किलोमीटरचा वेग गाठला. पिस्टन इंजिनाच्या सी-प्लेनचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. ते विमान रोमजवळच्या विन्या दी वाल्ले इथल्या संग्रहालयात आहे. एस.६बी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

बांधायला घेतलं तर

आता समजा, एस.६बी पुन्हा उडवायचं ठरवलं. संग्रहालयातलं मूळ विमान कोणी उडवायला देणार नाही, आणि देऊ नये. गेलं तर परत नाही. म्हणजे नवीन बांधायचं.

पहिली अडचण इंजिनाची. ‘आर’ इंजिनं सगळी मिळून वीसच्या आसपास बनली. जी उरली आहेत ती काचेआड. शिवाय ते इंजिन शर्यतीपुरतं जगायला बनवलेलं. थोड्याच वेळाच्या धावेनंतर सगळं उघडून तपासायचं, भाग बदलायचे. आजच्या परवानगीच्या नियमांत ‘तासाभराने उघडावं लागेल’ असं इंजिन बसवणं कठीण, आणि विमा उतरवणं त्याहून.

मग तडजोड होते. आधुनिक, भरवशाचं, कमी ताकदीचं इंजिन बसवायचं. इथे गंमत सुरू होते, कारण इंजिन हलकं झालं की तोल बदलतो. ताकद कमी झाली की कलंडण्याचा जोर कमी होतो, मग उजव्या फ्लोटमध्ये जास्त इंधन ठेवायचं कारण उरत नाही. उष्णता कमी झाली की पंखांतले रेडिएटर नुसते दाखवायचे. म्हणजे एक गोष्ट बदलली की मूळ विमान जसं होतं तसं असण्याची कारणंच एकेक करून गळून पडतात. राहतो तो आकार.

काही जण म्हणतात, आकार लहान करू. निम्म्या मापाचं बांधू. दिवाळीत आपली पोरं मातीचा किल्ला करतात, त्यावरचा मावळा बुरुजाएवढा असतो आणि कोणाची तक्रार नसते, कारण तो किल्ला रायगड असल्याचा दावाच करत नाही. उडणाऱ्या वस्तूला ही मुभा नाही. लांबी निम्मी केली की पंखांचं क्षेत्रफळ पाव होतं आणि वजन साधारण एक अष्टमांश. हवेतलं वागणं पूर्ण बदलतं. आणि समुद्राच्या लाटा काही आपल्यासाठी निम्म्या होत नाहीत. वैमानिकही होत नाही.

दुसरी अडचण माणसाची. ब्रिटनने या शर्यतीसाठी हवाई दलाचं खास पथक तयार केलं होतं. समोरचं जवळजवळ काही दिसत नाही, खांद्याला खांदा घासेल एवढीच जागा, तोंडावर पाण्याचे फवारे आणि इंजिनाचा धूर, अशा स्थितीत फ्लोटवर वेग घ्यायची एक विद्या होती. ती पुस्तकात थोडीच राहिली आहे. ती विद्या असणाऱ्यांतलेही गेले. १९२८ मध्ये एस.५ वर विक्रमाचा प्रयत्न करताना किंकेड गेला, १९३१ मध्ये सरावात ब्रिंटन गेला. तेव्हा ‘मूळ जसं वागायचं तसंच वागणारी प्रतिकृती’ याचा अर्थ ‘मूळ जसं मारायचं तसंच मारणारी’ असाही होतो. हे वाक्य कठोर आहे, पण ते बांधणाऱ्याने टेबलावर लिहून ठेवावं.

दोन प्रतिकृती

आता प्रत्यक्ष झालेलं बघू. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये एस.५ ची पूर्ण मापाची उडती प्रतिकृती तयार झाली. लंडनजवळच्या थॉर्प पार्क या करमणुकीच्या बागेसाठी. मूळ एस.५ चं नेपियर लायन इंजिन नऊशेच्या आसपास अश्वशक्तीचं. प्रतिकृतीत त्याच्या कितीतरी कमी ताकदीचं आधुनिक इंजिन. दिसायला देखणी, निळी आणि चंदेरी. ती उडाली, पाण्यावर उतरली, हजारो लोकांनी बघितली. पुढे ती बिल होझी या वैमानिकाकडे आली. मे १९८७ मध्ये कॉर्नवॉलमध्ये उडताना ती कोसळली आणि होझी गेले.

माझे तीन प्रश्न लावून बघू. आधार? चांगला, मूळ विमान नीट नोंदलेलं होतं. काय बदललं? इंजिन, आणि इंजिनाबरोबर बदलतं ते सगळं, आणि ते लपवलेलं नव्हतं. बांधून काय कळलं? इथे ती प्रतिकृती कमी पडते, असं माझं मत आहे. एस.५ दिसायचं कसं हे कळलं. पण ४५३ किलोमीटरने व्हेनिसच्या खाडीवर वळण घेताना त्या माणसाच्या हाताखाली काय होत होतं, याबद्दल ती काही सांगू शकत नव्हती. आणि धोका मात्र खराच होता. यंत्र खोटं असलं तरी उंची खरी असते. २०२७ मध्ये त्या विजयाला शंभर वर्षं होतील आणि एस.५ पुन्हा बांधून उडवण्याचा एक प्रकल्प इंग्लंडमध्ये चालू आहे. त्याला माझ्या शुभेच्छा आहेत, पण माझा तिसरा प्रश्न त्यांनाही आहे.

दुसरं उदाहरण फ्लोटवालं नाही, पण शर्यतीचंच. बुगाटी १००पी. १९३० च्या दशकाच्या अखेरीला एत्तोरे बुगाटी आणि लुई द मोंज यांनी बांधायला घेतलेलं, दोन इंजिनं वैमानिकाच्या मागे ठेवलेलं विलक्षण सुंदर विमान. महायुद्ध आलं, ते लपवावं लागलं आणि मूळ विमान कधीच उडालं नाही. अमेरिकेत काही हौशी मंडळींनी त्याची प्रतिकृती बांधली आणि इंजिनं कोणती लावली? सुझुकी हायाबुसा मोटारसायकलची, दोन. ‘धूम’मुळे आपल्या पोरांना पाठ असलेली तीच. २०१५ मध्ये ती पहिल्यांदा उडाली. ऑगस्ट २०१६ मध्ये तिसऱ्या उड्डाणात ओक्लाहोमात पडली आणि वैमानिक स्कॉटी विल्सन, जे या प्रकल्पाचा आत्मा होते, ते गेले.

इंजिनाच्या बाबतीत ही प्रतिकृती एस.५ पेक्षाही ‘खोटी’. तरीही समीक्षक म्हणून मी तिला वरचा क्रमांक देईन. कारण तिच्यापुढे खरा प्रश्न होता : हा आकार उडू शकतो का? ऐंशी वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. तिने उत्तर दिलं. किंमत भयंकर होती. ती किंमत योग्य होती का, हे खुर्चीत बसून मी ठरवणार नाही. पण तिला प्रश्न होता, हे नक्की.

आपल्याकडचं

तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं झालं. आपल्याकडे श्नायडर शर्यतीचं विमान नाही, आणि नव्हतं. आपल्याकडे सी-प्लेन म्हटलं की उद्घाटन आठवतं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीला चाचणी झाली, फोटो निघाले. पण त्याच चौपाटीशी आपलं आणखी एक विमान जोडलेलं आहे. शिवकर बापूजी तळपदे यांचं ‘मारुतसखा’.

कथा तुम्हाला माहीत आहे. १८९५, चौपाटी, माणूस न बसवता विमान पंधराशे फूट उंच गेलं. राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी. तळपदे हा माणूस खरा, त्याची ओढ खरी, संस्कृत ग्रंथांचा त्याचा व्यासंग खरा. पण त्या उड्डाणाचा नि:संशय, समकालीन, तपासता येईल असा पुरावा पुढे आलेला नाही. त्याचे नकाशे नाहीत, मापं नाहीत, इंजिन कोणतं याचं पटेल असं वर्णन नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ च्या दरम्यान सांगून लिहवून घेतला. म्हणजे १८९५ नंतर. १९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ आणि त्यातली चित्रं तपासली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आधीचा नाही आणि त्यातल्या विमानांत उडण्याचे गुणधर्म नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात ‘हवाईजादा’ चित्रपट आला. पडद्यावर मारुतसखा दिमाखात उडालं.

चित्रपटात उडालं याबद्दल माझी तक्रार नाही. सिनेमाने स्वप्न दाखवावं. तक्रार अशी आहे की आपण त्या पडद्यावरच्या विमानाला हळूहळू प्रतिकृती मानायला लागतो. कशाची प्रतिकृती? मूळच हाताशी नसेल तर प्रतिकृती होत नाही, कल्पनाचित्र होतं. आणि कल्पनाचित्राला ‘पुनर्निर्मिती’ म्हटलं की तळपद्यांचाही अपमान होतो. त्या माणसाने काय केलं हे शोधायचं कष्टाचं काम आपण टाळतो आणि त्याच्या जागी आपल्याला हवा तसा पुतळा उभा करतो.

मग पुरावा अपुरा असेल तर बांधायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. उलट उदाहरण आपल्या शेजारी गोव्यातच आहे. आयएनएसव्ही कौंडिण्य. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं एक शिडाचं जहाज रंगवलेलं आहे. तेवढ्या आधारावर, २०२३ मध्ये गोव्यात बांधकाम सुरू झालं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर. खिळे नाहीत, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीला पोरबंदरहून मस्कतला निघून जानेवारी २०२६ मध्ये पोचलं.

इथे आधार फारच तुटपुंजा आहे. एक चित्र, तेही चित्रकाराचं, जहाज बांधणाऱ्याचं नाही. पण बांधणाऱ्यांनी तसं उघड सांगितलं. नकाशे नाहीत, चित्रावरून तर्क केला आणि तो तपासून घेतला, असं. बांधून काय कळलं? शिवलेलं लाकूड लाटेबरोबर कसं लवतं, चौकोनी शीड आणि मागची वल्ही घेऊन खुल्या समुद्रात काय जमतं, काय नाही. हे ज्ञान दुसऱ्या कोणत्याच मार्गाने मिळालं नसतं. माझा एक आक्षेप आहे, तोही सांगतो. शिडावर गंडभेरुंड, नाळेवर सिंह-याळी, डेकवर हडप्पाच्या धाटणीचा दगडी नांगर. हे सगळं एका जहाजावर आणलं की दोन-अडीच हजार वर्षं एकाच फोटोत उभी राहतात. ही सजावट प्रतीकात्मक आहे असं सांगितलेलं आहे, हे मान्य. पण बघणारं पोर फोटो बघतं, खुलासा वाचत नाही. सांगाडा संशोधनाचा आणि सजावट मिरवणुकीची, असं झालं आहे. तरी तिसऱ्या प्रश्नावर हे जहाज माझ्या आजच्या यादीत सर्वांत वर आहे.

आणि एक माणूस, ज्याने प्रतिकृती केलीच नाही. कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीला चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. त्या विमानाने पुराणाचा आधार घेतला नाही, म्हणून त्याला नियमांचा सामना करावा लागला. तपासणी, कागद, परवानगी, पुन्हा तपासणी. त्यात वर्षं गेली. त्या दिरंगाईवर टीका करायला हरकत नाही. पण विचार करा, ज्या विमानाला प्रश्न विचारले गेले ते खरं विमान आहे, आणि ज्याला कोणीच काही विचारत नाही ते आपल्या अभिमानाचा विषय आहे. हे उलटं नाही का?

शेवटचा मुद्दा

मी हे कल्याण-डोंबिवलीत का बोलतो आहे? १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या मेस्त्रींचं ज्ञान कागदावर नव्हतं, हातात होतं. आज ना उद्या कोणीतरी दुर्गाडीखाली गुराब किंवा गलबत ‘हुबेहूब’ बांधायचा प्रस्ताव आणणारच. आणावा, मला आनंदच होईल. पण ते फायबरचं करून चौकात उभं करून वर रोषणाई करायची आहे, की लाकडाचं बांधून खाडीत सोडायचं आहे? कोणत्या कागदावरून, कोणत्या चित्रावरून? जिथे माहिती नाही तिथे काय गृहीत धरलं, याची वही ठेवणार का? ती वही लोकांना बघायला मिळणार का? माझ्या मते ती वही हाच खरा ऐवज आहे. पन्नास वर्षांनी लाकूड कुजेल. वही राहिली तर पुढचा माणूस तिथून पुढे जाईल.

आपल्या पट्ट्यात हाताने काम करणारी माणसं भरपूर आहेत. रेल्वेचे फिटर, एमआयडीसीतले टर्नर, वागळे इस्टेटमधले टूलमेकर. त्यांना ‘अंदाजे’ आणि ‘मोजून’ यातला फरक कोणी शिकवायला नको. व्हर्निअर हातात असलेला माणूस भाषणाला भुलत नाही. प्रतिकृतीच्या बाबतीतही त्याचंच ऐका, एवढंच माझं मागणं आहे.

प्रश्नोत्तरांतून

वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप असलेले एक श्रोते : सीएनसी आलंय, मूळ इंजिन स्कॅन करता येतं. मग ते जुनं इंजिन आमच्याकडे बनणार नाही का?

दादा, भाग बनतील, आणि बहुधा मूळपेक्षा जास्त अचूक बनतील. अडचण मापाची कमी आणि धातूची जास्त आहे. ओतकाम कोणत्या मिश्रधातूचं, उष्णतेची प्रक्रिया कशी, व्हॉल्व्ह किती तापायचे, हे आकारावरून कळत नाही. पुढचं म्हणजे टेस्ट बेड. मूळ इंजिनं बाकावर कित्येकदा फोडून, दुरुस्त करून तयार झाली. तुम्ही एकच बनवणार, तर फोडणार कोणतं? आणि समजा पहिल्या प्रश्नाचं समाधान न होता ते चाललं, तर ते तुमचं इंजिन झालं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त नाव तुमचं लावा.

एक विद्यार्थिनी : सर, एस.६बी नसतं तर स्पिटफायर झालंच नसतं, असं वाचलंय. खरं आहे का?

दोन्हींचा रचनाकार एकच, आर. जे. मिचेल. त्यामुळे ही गोष्ट फार गोड वाटते. पण स्पिटफायर म्हणजे फ्लोट काढलेलं एस.६बी, असं समजू नका. पंख वेगळा, बांधणी वेगळी, काम वेगळं. शर्यतीतून अनुभव आला, जास्त वेगात विमानाचं काय होतं याची समज आली, इंजिनवाल्यांनाही इंधन आणि सुपरचार्जरबद्दल खूप शिकायला मिळालं. वारसा समजुतीचा आहे, सुट्या भागांचा नाही. इंग्रजांनाही सोपी वंशावळ आवडते. तो आजार एकट्या आपलाच नाही.

एक ज्येष्ठ श्रोते : ठाण्याच्या खाडीत असं विमान उतरवता येईल का?

काका, आज तरी नको. भरती-ओहोटीत गाळ उघडा पडतो, वर पूल, विजेच्या तारा. हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो. २०१५ पासून तिथे अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत नाव आहे. त्यातून उरलंसुरलं म्हणजे आपलं निर्माल्य आणि प्लास्टिक. ताशी दीडशे किलोमीटरने पाण्यावर टेकणाऱ्या फ्लोटला तरंगता नारळसुद्धा दगडासारखा लागतो. आधी खाडी साफ करू. विमान नाही आलं तरी पक्षी येतीलच.